शस्त्राच्या ॲक्सेसरीजचे नियम बदलले तर लायसन्सवाल्याने काय करायचं? जुनं सामान चालतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे दादा वाकडला राहतात, वडिलांच्या नावावर बारा बोअरची डबल बार (दुनळी बंदूक) आहे, वडील ७२ वर्षांचे. स्वतःच्या नावावर .३२ चं पिस्तूल, आणि मुलगी बालेवाडीला दहा मीटर एअर रायफल खेळते. मधल्या काळात थोडं ऑनलाइन, थोडं ओळखीतून असं सामान जमलंय: एक स्कोप (नेमाची दुर्बीण), एक बायपॉड (नळीखालचा दोन पायांचा टेकू), पिस्तुलाचं एक जादा मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी), आणि एअरगनच्या नळीच्या तोंडाला लावायचा एक तुकडा, ज्याने 'आवाज जरा कमी होतो' असं विकणाऱ्याने सांगितलं. आता ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की नियम बदलतायत, तर आधी घेतलेलं चालतं का आणि बदल झाला की आपण काय करायचं.

मी पुण्यात बरीच वर्षं शस्त्र परवान्यांच्या फायली बघतोय, वकील आहे, आणि यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात टेबलावर आलाय. त्यामुळे जरा लांब लिहितो, शांतपणे वाचा.

सगळ्यात आधी ते 'घेतलं तेव्हा कायदेशीर होतं' याचं बघू, कारण लोक अडकतात ते इथेच. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(१) सांगतो की कृत्य केलं तेव्हा जो कायदा लागू होता तो मोडला असेल तरच शिक्षा, मागे जाऊन नवीन गुन्हा लावता येत नाही. हे बरोबरच आहे. पण शस्त्र कायद्यात गुन्हा नुसता विकत घेण्याचा नसतो, बाळगण्याचाही असतो, आणि बाळगणं हे रोज चालू असतं. म्हणजे २०१५ साली तुम्ही एखादी वस्तू रीतसर घेतली आणि उद्या ती वस्तू परवान्याखाली आली किंवा बंदच झाली, तर २०१५ ते आजपर्यंतचं कुणी विचारणार नाही, पण नियम लागू झाला त्या दिवसापासून ती तुमच्या कपाटात का आहे हे विचारतील, आणि तेव्हा जुनं बिल दाखवून भागत नाही. बिल जपाच, ते चोरीचं नाही हे सिद्ध करायला लागतं, पण बाळगायची परवानगी बिलातून मिळत नाही.

यासाठी कायद्यातच वाट दिलेली आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ वाचा. लायसन्सची मुदत संपली, लायसन्स निलंबित झालं, रद्द झालं, किंवा 'कोणत्याही कारणाने' बाळगणं कायदेशीर राहिलं नाही, तर विनाकारण उशीर न करता ते शस्त्र किंवा दारूगोळा जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सधारक डीलरकडे जमा करायचा. सैन्यातला माणूस असेल तर युनिटच्या शस्त्रागारात. जमा करून पावती घेतली की तुम्ही सुरक्षित बाजूला आलात, मग पुढे विकायचं, परवाना मागायचा की कायमचं सोडून द्यायचं ते निवांत ठरवता येतं. माझ्याकडे आलेल्या फायलींमध्ये ज्यांनी वेळेत पावती घेतली त्यांची प्रकरणं कागदावरच मिटली, आणि ज्यांनी 'बघू, एवढं काय' म्हणून ठेवलं त्यांना जामिनासाठी पळावं लागलं.

आता ॲक्सेसरी म्हणजे नक्की काय काय. दुकानदार आणि वेबसाइटवाले सगळ्याला एकाच शब्दात गुंडाळतात, कायदा तसं करत नाही. कलम २ मध्ये 'अग्निशस्त्र' ची जी व्याख्या आहे त्यात नुसती बंदूक नाही. गोळी सुटतानाचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेली किंवा तशी जुळवून घेतलेली कुठलीही ॲक्सेसरी, ही त्या व्याख्येत स्वतःच अग्निशस्त्र आहे. बंदुकीचे भाग, आणि ते बनवायची यंत्रसामग्री, हेही त्यातच. म्हणजे सायलेन्सर, सप्रेसर, मॉडरेटर, फ्लॅश हायडर, नाव काहीही असू दे, घरात तो एकटा पडलेला असला, बंदुकीला कधी लावलाही नसला, तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही एक जादा अग्निशस्त्र बाळगताय, आणि त्याला लायसन्स नाही. वर शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत अशा ॲक्सेसरीज थेट पहिल्या गटात आहेत, म्हणजे सामान्य लायसन्सवाल्याला ज्या गटाजवळही जाता येत नाही त्या गटात. त्यामुळे 'नियम बदलतायत का' हा प्रश्न त्या तुकड्यापुरता गैरलागू आहे, तो आधीपासूनच चालत नव्हता.

स्कोप, बायपॉड, स्लिंग, कव्हर, ग्रिप, क्लीनिंग किट यांनी आवाज किंवा ज्वाला कमी होत नाही आणि त्यांच्यावाचून बंदूक अडत नाही, त्यामुळे व्यवहारात त्यांच्यासाठी कुणी लायसन्स मागत नाही. त्यांचा प्रश्न येतो तो परदेशातून मागवताना, त्यावर खाली लिहितो. नळी, बोल्ट, स्लाइड, फ्रेम, फायरिंग पिन हे मात्र सरळ सरळ भाग आहेत. मॅगझिनवर लोक वाद घालतात, मी क्लायंटला एकच सांगतो, मॅगझिनला भाग धरूनच चाला: डीलरकडूनच घ्या, बिलावर पिस्तुलाचा नंबर लिहून घ्या आणि लायसन्सिंग ब्रँचला एक साधं पत्र देऊन पोच घ्या. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे असं कुणीतरी सांगेल, ती आहेच, पण ती सूट पूरक भागांबरोबर वापरायचा इरादा नसलेल्यांसाठी आहे. तुमच्याकडे पिस्तूल आहे आणि त्याच पिस्तुलाचं मॅगझिन आहे, तर ती सूट तुमच्यासाठी नाही.

अजून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. भोसरी, चाकणला लेथवाले भरपूर, हात चांगले, आणि ओळखीचा माणूस 'नळीला आटे पाडून देतो', 'नळी थोडी कमी करून देतो' म्हणतो. प्लीज हे करू नका आणि त्यालाही करायला लावू नका. कलम ५ खाली दुरुस्ती आणि बदल करायलाही लायसन्स लागतं, कलम ६ नळी आखूड करण्यावर आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका गटातलं शस्त्र दुसऱ्या गटात बदलणंही त्याच कलमात आलं. बारा बोअरची नळी २० इंचाखाली गेली की ती बंदूक थेट पहिल्या गटात जाते. या कामांना आता कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. लेथवाल्या बिचाऱ्याला हे माहीतही नसतं, त्याच्या दृष्टीने ते २०० रुपयांचं जॉब वर्क असतं.

आता नियम खरंच बदलतात तेव्हा काय होतं ते २०१९ च्या उदाहरणावरून सांगतो, कारण ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालंय. तोपर्यंत एका माणसाला ३ शस्त्रं ठेवता यायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये जे विधेयक मांडलं त्यात ती संख्या १ वर आणायची होती. लगेच मेसेज फिरले, 'सरकार एकच बंदूक ठेवू देणार', लोक घाबरून मिळेल त्या किमतीला विकायला निघाले. प्रत्यक्षात चर्चेत ते बदललं, मंजूर झालं ते २ वर, आणि १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालं. तिसरं शस्त्र जमा करायला एक वर्ष दिलं होतं, म्हणजे १३ डिसेंबर २०२०, आणि ती मुदत संपल्यावर ९० दिवसांत ते शस्त्र लायसन्सवरून काढायचं. घाईत विकणाऱ्यांचं नुकसान झालं, आणि लॉकडाऊनच्या वर्षात विसरून गेलेल्यांची धावपळ झाली. दोन्हीकडे चूक एकच होती, मूळ कागद कुणी वाचलाच नव्हता.

म्हणून मूळ कागद कुठे बघायचा ते सांगतो. कायदाच बदलला तर संसदेत मंजूर होऊन राष्ट्रपतींची सही झाल्यावर राजपत्रात येतो. नुसते नियम बदलले, म्हणजे शस्त्र नियम २०१६ मधले, तर केंद्रीय गृह मंत्रालयाची अधिसूचना असाधारण राजपत्रात येते, भाग दोन, विभाग ३, उपविभाग (i), आणि तिला जी.एस.आर. नंबर असतो. ई-गॅझेटच्या साइटवर फुकट डाउनलोड होते. त्यात बघायच्या गोष्टी: हा मसुदा आहे की अंतिम अधिसूचना, प्रसिद्ध झाल्याची तारीख कोणती आणि लागू होण्याची कोणती (या दोन्ही वेगळ्या असू शकतात), आधीपासून वस्तू असणाऱ्यांसाठी काही मुदत दिलीय का, आणि कुणाला वगळलंय. कुणी फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये जी.एस.आर. नंबर किंवा कायद्याचा क्रमांक नसेल तर त्या मेसेजवर काहीही कृती करू नका. आणि बातमीवरही नाही, कारण बातमी बहुतेक वेळा विधेयक मांडलं त्या दिवसाची असते.

मुदतीचं गणित मात्र उलटं करायचं, आणि हे मी प्रत्येकाला कागदावर लिहून देतो. समजा मुदत ३१ डिसेंबर आहे आणि तुम्हाला शस्त्र विकायचं आहे. कलम ५(२) प्रमाणे खासगी माणसाने लायसन्स लागणारं शस्त्र विकायच्या आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवावं लागतं, आणि कळवल्यापासून ४५ दिवस गेल्याशिवाय व्यवहार करता येत नाही. घेणाऱ्याकडे लायसन्स हवं, त्याच्या लायसन्सवर जागा हवी, त्याची परवानगी यायला वेळ लागतो. म्हणजे डिसेंबरची मुदत असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तुमचा अर्ज गेलेला पाहिजे, त्यात दिवाळीच्या सुट्ट्या धरा, मध्ये निवडणूक जाहीर झाली तर अख्खी लायसन्सिंग ब्रँच शस्त्रं जमा करून घेण्यात गुंतलेली असते ते धरा. जमत नाही असं दिसलं की मुदतीच्या आत डीलरकडे जमा करून पावती घ्या, विक्री नंतर होत राहील.

बदल दरवेळी कडक करणाराच असतो असंही नाही हं. १२ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने खेळाडूंची मर्यादा वाढवली. नामवंत नेमबाजाला एका प्रकारात ८, दोन प्रकारांत १०, त्याहून जास्त असतील तर १२ शस्त्रं ठेवता येतात, आधी एका प्रकारात ४ आणि त्याहून जास्त असतील तर ७ होती. ज्युनिअर किंवा उमेदवार नेमबाजाला १ च्या जागी २. काडतुसांचा वार्षिक कोटाही वाढला. तुमची मुलगी उद्या .२२ रायफलकडे गेली, आणि बालेवाडीत सराव करणाऱ्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकल्यापासून बरीच मुलं तिकडे वळतायत, तर हे तुमच्या कामाचं आहे. ही सवलत आपोआप मिळत नाही, असोसिएशनचं पत्र, स्पर्धांचे निकाल असा सगळा कागद लावून अर्ज करावा लागतो.

सध्याच्या एअर रायफलचं बोलू. ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत मझल एनर्जी (नळीतून सुटताना छऱ्याची ऊर्जा) असेल तर लायसन्स लागत नाही. दहा मीटरची मॅच रायफल साधारण साडेसात ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे त्याची चिंता नको. पण हौशी मंडळी स्प्रिंग बदलून, व्हॉल्व्ह बदलून 'पॉवर वाढवून' घेतात, ती २० ज्यूलच्या वर गेली की त्याच क्षणी लायसन्सवाली झाली, आणि .२२ ची एअरगन तर बोअरमुळेच लायसन्समध्ये येते. आणि तो आवाज कमी करणारा तुकडा. लोक म्हणतात एअरगनला लायसन्सच नाही तर तिच्या मॉडरेटरला कसलं. माझं मत स्पष्ट आहे, कायद्यातली व्याख्या 'स्फोटक किंवा इतर ऊर्जेने' गोळी फेकणाऱ्या सगळ्याला धरते, सूट मिळाली आहे ती ठराविक एअरगनला, आवाज कमी करणाऱ्या ॲक्सेसरीला नाही. शिवाय तो तुकडा तुमच्या घरात आहे, त्याच घरात पिस्तूलही आहे, त्यामुळे तो कशासाठी ठेवलाय हे तुम्ही पंचनाम्यात कसं पटवून देणार.

जाता जाता, मुलीच्या रायफलच्या एअर सिलिंडरवर तारीख असते ती बघा. मॅच रायफलच्या सिलिंडरची मुदत सहसा १० वर्षं, आणि आयएसएसएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात ती तपासायची जबाबदारी खेळाडूची आहे. सेकंडहँड रायफल घेतली असेल तर हमखास बघा. आणि तो स्कोप कायद्याने चालला तरी दहा मीटरच्या मॅचमध्ये चालत नाही.

परदेशातून मागवणं. स्कोप असो की सुटा भाग, कस्टम्समध्ये त्याचं वर्गीकरण होतं. शस्त्रांचे भाग आणि ॲक्सेसरीज ९३०५ या कोडखाली, टेलिस्कोपिक साइट म्हणजे स्कोप ९०१३ खाली. प्रत्येक कोडला डीजीएफटीचं (परदेशी व्यापार महासंचालनालयाचं) आयात धोरण असतं आणि ते मधूनमधून बदलतं, म्हणून ऑर्डर द्यायच्या दिवशीचं धोरण बघा, मित्राने दोन वर्षांपूर्वी आणलं होतं याला अर्थ नाही. भाग असेल तर कलम १० लागतं, आयातीचं लायसन्स पाहिजे. अमेरिकेतल्या भाच्याला बॅगेत आणायला सांगू नका, विमानतळावर पकडला जाईल तो भाचा.

अमेरिकेवरून आठवलं. यूट्यूबवर जे ॲक्सेसरीचे व्हिडिओ बघून आपली पोरं सामान शोधतात ते बहुतेक तिकडचे. तिथे बऱ्याच राज्यांत सायलेन्सर नोंदणी करून रीतसर मिळतो, इथे नाही, एवढा फरक आहे. पण नियम कसे उलटसुलट होतात ते तिकडचं बघण्यासारखं आहे. बंप स्टॉक नावाची ॲक्सेसरी (भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून बंदुकीला लावायचा दस्ता) तिथल्या केंद्रीय खात्याने नियम करून २६ मार्च २०१९ पासून बंद केली, ज्यांच्याकडे होती त्यांना नष्ट करा किंवा जमा करा असं सांगितलं, आणि १४ जून २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो नियमच रद्द केला. यावरून काही जण म्हणतात, बघा, ज्यांनी ठेवलं ते शहाणे. मला हे अजिबात पटत नाही. ती पाच वर्षं ठेवणारा रोज गुन्ह्याच्या छायेत होता, आणि नियमाविरुद्ध कोर्टात जिंकणारा माणूसही आपली वस्तू आधी खात्याकडे जमा करून मगच कोर्टात गेला होता. आपल्याकडेही नियम चुकीचा वाटला तर हायकोर्टाचा दरवाजा आहे, पण वस्तू जमा करून आणि पावती खिशात ठेवून जा.

आता वाकडचं. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय वेगळं झालं. वाकड, हिंजवडी, सांगवी हा भाग पुणे शहराकडून तिकडे गेला, चाकण, आळंदी, तळेगाव ग्रामीणकडून गेले. तुमच्या वडिलांच्या लायसन्स बुकावर अजून पुणे शहराचा शिक्का असेल तर आधी फाइल कुठे आहे ते शोधा, यूआयएन नंबर (लायसन्सधारकाचा ओळख क्रमांक) पडलाय का ते बघा, कारण त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. मुदतीच्या आठवड्यात दोन ऑफिसांमध्ये 'तिकडे जा' ऐकण्यापेक्षा आत्ता करा. घर बदललं असेल तर ३० दिवसांत दोन्हीकडे कळवायचं असतं तेही राहिलंय का बघून घ्या. लायसन्स आता ५ वर्षांचं मिळतं, आधी ३ चं होतं, त्यामुळे रिन्यूअलची तारीख विसरायला होते, दोन महिने आधी अर्ज गेलाच पाहिजे.

वडील ७० च्या वर आहेत, त्यामुळे डबल बार वारस म्हणून तुमच्या नावावर घ्यायचा अर्ज त्यांच्या हयातीतच करता येतो. तुमचं पिस्तूल धरून बरोबर २ होतात, मर्यादेत बसतं. पण मग तिसऱ्याला जागा उरत नाही हे लक्षात ठेवा. ट्रान्सफर होईपर्यंत ती बंदूक दुरुस्तीला किंवा रिन्यूअलला तुम्ही नेणार असाल तर वडील सोबत पाहिजेत किंवा त्यांची लेखी परवानगी, कलम ३ मध्येच ही सोय दिलीय.

घरात एक फाइल करा. लायसन्सची झेरॉक्स, प्रत्येक वस्तूचं बिल, नंबर असलेल्या भागांचे फोटो, पोलीस स्टेशनला दिलेल्या प्रत्येक पत्राची शिक्का मारलेली पोच. तोंडी सांगून आलो, साहेब ओके म्हणाले, असं करू नका, साहेबांची बदली होते.

आणि तो नळीचा तुकडा. तो नदीत टाकू नका, ऑनलाइन विकू नका, मित्राला देऊ नका, देणं म्हणजे दुसरा गुन्हा. पण एकटे उठून पोलीस स्टेशनलाही जाऊ नका, कारण कलम २१ मुळात कायदेशीर असलेली वस्तू नंतर बेकायदेशीर झाली यासाठी आहे आणि तुमची वस्तू पहिल्यापासूनच अडचणीची आहे, त्यामुळे तिथे काय आणि कोणत्या शब्दांत लिहून द्यायचं याला फार महत्त्व आहे. विनापरवाना अग्निशस्त्राला कमीत कमी २ वर्षं आहेत, ५ पर्यंत जातात. या कामातल्या वकिलाला या आठवड्यात भेटा, विकणाऱ्याशी झालेलं चॅट आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट डिलीट न करता सोबत न्या, अर्ज लिहून घ्या, आणि वकिलाला बरोबर घेऊनच जमा करायला जा. तोपर्यंत तो तुकडा कुठल्याही बंदुकीला लावून बघू नका, घराबाहेर नेऊ नका आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका.